हवेची स्प्रिंग आणि फोमची कड
(जुने स्पीकर, घरची दुरुस्ती : लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण ए.आर.-३ए या जोडीची बाहेरून तपासणी केली: अक्रोडाचं व्हिनिअर, पुढचं कापड, मागचे स्क्रूचे टर्मिनल. आज खोकं उघडायचं आहे. पण त्याआधी हे खोकं बंद का ठेवलं आहे ते समजून घेऊ. या स्पीकरच्या दुरुस्तीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यावरच ठरतो.

१९५०च्या सुमारास घरात दमदार खर्ज ऐकायचा तर कपाटाएवढं खोकं लागे. वूफरचा कोन पुढे-मागे हलतो आणि त्याला परत जागेवर आणायचं काम दोन भाग करतात: बाहेरच्या काठाची घडी, म्हणजे सराउंड, आणि मागची नालीदार चकती, म्हणजे स्पायडर. ही कापड-कागदाची स्प्रिंग थोडी ताणली तर सरळ वागते, जास्त ताणली की अडते. खर्जाच्या सुरांत तर कोनाला सगळ्यात लांब पल्ला गाठावा लागतो. त्यामुळे नेमकी तिथेच ती दगा देते आणि मूळ वाद्यात नसलेले सूर आवाजात घुसतात.

एडगर विल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनी-पुनर्निर्मितीचा वर्ग घेत असत. त्यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने धरला. ही स्प्रिंग सुधारत बसण्यापेक्षा ती जवळजवळ काढूनच टाकली तर? कड आणि स्पायडर इतके सैल ठेवायचे की त्यांनी कोनाला फक्त मध्यावर धरावं. मग तो लहानशा, हवाबंद खोक्यात बसवायचा. कोंडलेली हवाच त्याला मागे खेचेल, पुढे ढकलेल. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा रेटला की हाताला जो उलटा जोर लागतो, तोच इथे कामाला येतो. आणि हवा कापडापेक्षा कितीतरी इमानदार स्प्रिंग आहे: आकारमानात होणारा बदल लहान असेल तोवर ती जवळजवळ सरळ प्रमाणात दाबली जाते.

त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्यासह विल्चर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. १९५४ साली ए.आर.-१ बाजारात आला, १९५६ साली पेटंट मिळालं, १९५८ साली ए.आर.-३ आला. फाइन आर्ट्स क्वार्टेट या वादकसंचाबरोबर कंपनीने जाहीर प्रयोग केले: वादक वाजवता वाजवता थांबत, गज मात्र तसेच हलवत राहत, आणि तेवढा भाग ए.आर.-३ मधून येई. बदल कुठे झाला हे श्रोत्यांनी ओळखायचं. आज ए.आर.-३ स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. आपल्या टेबलावरचा ३ए हा त्याचाच पुढचा अवतार, १९६७ सालचा. उंची जेमतेम ६३ सेंटिमीटर, वजन सुमारे २४ किलो आणि पोटात बारा इंची वूफर.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मंडळी परतताना असे स्पीकर घेऊन येत. तिकडचा अँप्लिफायर इकडे चालवायचा तर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो. स्पीकरला ती अट नाही, तो कुठल्याही देशात तसाच वाजतो. माझ्याकडची जोडी अशाच एका सामानातून आली.

आता एक हिशेब. हा वूफर खोक्याबाहेर, उघड्या हवेत, अठरा हर्ट्झच्या आसपास डोलतो. खोक्यात बसवला की तोच आकडा चाळीसच्या थोडा वर जातो. वारंवारता दुपटीहून वाढली म्हणजे ताठपणा पाचपट झाला, कारण तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच स्प्रिंगचं सुमारे चार-पंचमांश काम हवा करते. कड आणि स्पायडर यांच्या वाट्याला उरलेलं काम इतकं थोडं आहे, आणि ते तेवढंच राहिलं पाहिजे.

आणि नेमकी ही कडच मेलेली असते. सुरुवातीच्या वूफरना लेप दिलेल्या कापडाची कड होती. १९७०च्या सुमारास तिच्या जागी पॉलियुरेथेनचा फोम आला. हा फोम वापराने झिजत नाही, हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. आधी तो चिकट होतो, मग नखाने दाबला की काळा भुगा होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे लवकर घडतं, आणि स्पीकर कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला म्हणून टळत नाही. दिसायला शाबूत असलेल्या कडेवरही विश्वास ठेवू नका. एका कोपऱ्यावर बोट दाबून बघा. कड फाटलेली असताना वाजवत राहिलं तर कोन तिरका होतो, व्हॉइस कॉइल मॅग्नेटच्या भिंतीला घासते आणि तारेवरचं इन्सुलेशन खरवडलं जातं. मग दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो.

तुमच्या जोडीची कड कापडी असेल तर मात्र ती अजिबात कापू नका. कापड तसंच धडधाकट असतं, फक्त त्याचा लेप वाळून छिद्रं मोकळी झालेली असतात. वाळल्यावरही लवचीक राहणाऱ्या लेपाचा पातळ हात दिला की पुरतं.

फोमवाल्या वूफरसाठी स्पीकर पाठीवर झोपवा आणि स्क्रू काढा. वूफर लगेच सुटणार नाही, कारण चौकटीखाली चिकट राखाडी पुट्टी असते. खोकं हवाबंद राहावं म्हणूनच ती भरलेली असते. बोटांनी चहूकडून हळूहळू उचला. एक धोका इथे सांगितलाच पाहिजे: मॅग्नेट जबर ओढतो. पेचकस हातातून निसटला तर तो सरळ कोनातून आरपार जातो. स्क्रू काढून झाले की पेचकस टेबलावरून लांब ठेवा.

आतली काचेची लोकर हातमोजे आणि मास्क घालूनच काढा. ती वजन करून पिशवीत भरा आणि प्रत्येक खोक्याची पिशवी वेगळी ठेवा, कारण तेवढीच परत घालायची आहे. हवा दाबली की किंचित तापते. लोकर ती उष्णता शोषून घेते, त्यामुळे हवेचा ताठपणा कमी होतो आणि खोकं आहे त्याहून मोठं असल्यासारखं वागतं. लोकरीचं प्रमाण बदललं की स्प्रिंग बदलली.

आता नवी कड. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत वूफर नेला तर बरेचदा रबरी कड सुचवली जाते: ‘फोम परत सडेल, रबर जन्मभर टिकेल.’ टिकण्याबद्दल ते खरं आहे. पण ही सवय मांडवातल्या साउंड-सिस्टिमचे वूफर दुरुस्त करून पडलेली असते, आणि त्या वूफरना ताठ कडच लागते. आपल्या वूफरला जाड रबर लावलं तर कोनाचं वजन वाढतं, कडेचा ताठपणा वाढतो आणि विल्चर यांनी जी स्प्रिंग हटवली तीच आपण पैसे देऊन परत बसवतो. माझं मत पक्कं आहे: याच बारा इंची वूफरच्या मापाची मऊ फोमची कड मागवा. ती काही वर्षांनी पुन्हा बदलावी लागेल, आणि ते मान्य करावं.

जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून लाकडी पट्टीने खरवडा. घाई केली तर कागदाच्या कोनाचा थर निघतो. चौकटीवरचा गोंद पूर्ण जाईपर्यंत घासा, कारण नवी कड खडबडीत पृष्ठभागावर बसली तर तिथून हवा गळते. गोंद कडेच्या किटमधलाच वापरा, पाण्यात मिसळणारा पांढरा, वाळल्यावर पारदर्शक आणि लवचीक राहणारा. सुतारकामाचा गोंद कडक होतो.

आधी कड फक्त कोनाला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर चौकटीची बाजू, आणि खरं कौशल्य इथेच लागतं. कॉइल आणि मॅग्नेट यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. डस्ट कॅप कापून त्या फटीत कागदाच्या पट्ट्या सारण्याची पद्धत आहे, पण मूळ कॅप शाबूत राहावी म्हणून मी कानांनी मध्य शोधतो. चौकटीला गोंद लावून कड टेकवायची, फोनमधल्या टोन जनरेटरवर तीस हर्ट्झचा सूर लावायचा आणि अँप्लिफायरचा आवाज अगदी थोडा ठेवायचा. कोन संथ हलू लागतो. कॉइल घासत असेल तर त्या गुणगुणीत बारीक खरखर ऐकू येते. मग कड बोटाने केसभर सरकवायची आणि पुन्हा ऐकायचं. खरखर गेली, आणि कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबल्यावरही ती आली नाही, की गोल फिरत कड पक्की दाबत जायची. पाण्याचा गोंद ही सवड देतो, म्हणूनच तो हवा. पावसाळ्यात तो वाळायला एक दिवस पुरत नाही, आणखी एक द्या.

वूफर परत बसवताना जुनी पुट्टी मळून मऊ होत असेल तर तीच वापरा, नसेल तर कधीच कडक न होणारी नवी पुट्टी. सिलिकॉन नको; पुढच्या वेळी वूफर काढताना चौकट वाकेल. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

मग परीक्षा. दोन्ही तळव्यांची बोटं पसरून कोन हळूच आत दाबा, काही सेकंद धरा आणि सोडा. तो सावकाश, एक-दोन सेकंद घेत बाहेर आला तर खोकं हवा धरून आहे. झटकन उसळला तर कुठेतरी गळती आहे: पुट्टीत, मागच्या टर्मिनलपाशी किंवा लेव्हल-नॉबच्या भोकात. ती सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. गळका ए.आर. हा ए.आर. नव्हेच.

पुढच्या आठवड्यात क्रॉसओव्हर: १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणि मागचे दोन लेव्हल कंट्रोल. तोवर एक विनंती. तुमच्या जोडीतला ट्वीटर मुका असेल तर तो जळाला असं समजून टाकून देऊ नका. बरेचदा ट्वीटर ठीक असतो आणि त्याच्या लेव्हल कंट्रोलच्या तारेवर हिरवा गंज चढलेला असतो.