उघाडी कोणाच्या हाती?

ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील खारभूमीच्या शेतकऱ्याला 'उघाडी' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. खाडीच्या काठाने मातीचा बांध घालावयाचा व त्यात एक झडप बसवावयाची. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की ती मिटावी आणि ओहोटी लागली की आत साचलेल्या पावसाच्या पाण्याने ती ढकलून उघडावी, अशी ही साधी योजना आहे. तिच्या भरवशावर आगरी शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी समुद्राच्या दारात भात पिकविला. बांध फुटला किंवा उघाडी गाळाने अडली, तर त्या वर्षीचे पीक तर जाईच. शिवाय जमिनीत उतरलेले मीठ धुऊन निघेपर्यंत वाट पाहावी लागे. म्हणूनच बांधाची राखण हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते, ते साऱ्या गावाचे होते.

नवी मुंबई हे नगर याच भूमीवर उभे आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी गेल्या शतकाच्या सातव्या दशकात खाडीपलीकडे नवे नगर वसविण्याची कल्पना मांडली, आणि १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली. पुढे ९५ गावांची भूमी या नगरात आली. वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांतील काठाची बरीच जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल होती. ती सारी भराव घालून वर उचलणे अतोनात खर्चाचे होते. तेव्हा नियोजनकारांनी हॉलंडचा मार्ग पत्करला. बांधाच्या आत धारण तलाव खोदले, नगरातील गटारे त्यांत आणून सोडली आणि खाडीच्या तोंडाशी एकेरी झडपांचे दरवाजे बसविले. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी या तलावांत थांबावे व ओहोटीबरोबर खाडीत जावे, असा हा हिशेब होता. तंत्र हॉलंडचे म्हणून वाखाणले गेले. तत्त्व मात्र गावच्या उघाडीचेच होते.

या व्यवस्थेचे मर्म असे की, ती केवळ बांधून भागत नाही, ती रोज राखावी लागते. उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर काही तास नगराचा सारा भार तलावाच्या पोटावर असतो. ते पोट गाळाने भरले असेल, तर पाणी उलटे गटारांतून रस्त्यावर आणि तळमजल्यावरच्या घरांत शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आभाळ केव्हा किती कोसळेल याचा नेम उरलेला नाही, हे त्या दिवसाने पलीकडच्या मुंबईला शिकविले. तो धडा अलीकडच्या काठालाही लागू आहे.

दुर्दैवाने धारण तलावांत गेल्या काही दशकांत गाळ साचत गेला व त्या गाळावर कांदळवन वाढले. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीस मनाई केली, आणि ती योग्यच होती. कारण लाटांचा मारा आणि काठाची धूप थोपविणारी याहून स्वस्त भिंत मनुष्याला उभारता आलेली नाही. परंतु त्यामुळे तलाव साफ करावयाचा तर अनेक परवानग्या आणि न्यायालयाची अनुमती आवश्यक ठरली. पूर अडविणारे तळे मोकळे हवे आणि किनारा राखणारे झाडही हवे, असा हा खरा पेच आहे. झाडाला शत्रू ठरवून तो सुटणार नाही, आणि गाळाकडे डोळेझाक करूनही सुटणार नाही.

पाहुणे आणि भूखंड

या पेचात आणखी एक भागीदार आहे. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, ठाणे खाडीत मोठ्या संख्येने उतरतात. २०१५ साली खाडीच्या एका भागास अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२२ साली तिचा रामसर यादीत समावेश झाला. भरतीच्या वेळी खाडीतील चिखल बुडाला की हे पक्षी नेरूळ व सीवूड्स परिसरातील उथळ पाणथळ जागांवर आसरा घेतात. नगराने स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेतले, ऐरोलीहून पक्षिदर्शनासाठी बोटी निघू लागल्या, आणि २०२२ साली बेलापूरच्या जेट्टीवरून जलटॅक्सीचाही प्रारंभ झाला.

पण ज्या पाहुण्यांच्या नावावर हे पर्यटन उभारावयाचे, त्यांच्या पंगतीचे पाणीच तोडले तर काय होते, ते २०२४ च्या एप्रिलमध्ये दिसले. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या होत्या. तळे सुकले, आणि त्याच काळात त्या परिसरात रोहित पक्षी मरून पडले. पक्षिप्रेमी नागरिकांनी हा प्रश्न लावून धरला, वाटा मोकळ्या झाल्या, आणि २०२५ साली या तलावाच्या संरक्षणाचा निर्णय राज्य शासनाने घेतला. हे यश लहान नाही. परंतु एकाच पाण्याला एका कार्यालयाने धारण तलाव म्हणावे, दुसऱ्याने पाणथळ जागा म्हणावे आणि तिसऱ्याने उद्याचा भूखंड समजावे, ही मूळ अडचण त्याने दूर होत नाही.

व्हेनिसचा धडा

पाण्यावर वसलेल्या नगरांत व्हेनिसइतका जुना अनुभव कोणाजवळच नाही. तेथील प्रजासत्ताकाने १५०१ साली केवळ पाण्याच्या कारभारासाठी स्वतंत्र अधिकारमंडळ नेमले. आपल्या खाजणात गाळ साचू नये म्हणून त्या राज्याने मोठमोठ्या नद्यांचे प्रवाह वळविले. पुढे विसाव्या शतकात तेलवाहू जहाजांसाठी खोल कालवा खणला गेला. त्याने प्रवाहांचा वेग वाढला आणि खाजणातील गाळच समुद्रात वाहून जाऊ लागला. एका जलमार्गाची सोय साऱ्या पाणथळीला कशी महाग पडते, याचा हा पुरावा आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले. त्यानंतर चर्चा आणि बांधकामे होता होता ऑक्टोबर २०२० मध्ये ७८ झडपांचा समुद्रदरवाजा प्रथम वापरला गेला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला मात्र भरतीचा अंदाज चुकला, झडपा उभ्या केल्या गेल्या नाहीत आणि शहर पुन्हा बुडाले. दरवाजा कितीही किमती असला, तरी तो वेळेवर मिटणारा हात तितकाच जागा असावा लागतो.

पर्यटनाचीही तीच कथा. २०१९ साली एक अजस्र प्रवासी जहाज व्हेनिसच्या धक्क्यावर आदळले; ऑगस्ट २०२१ पासून अशा जहाजांना शहरालगतच्या कालव्यात बंदी झाली, आणि २०२४ पासून ठरावीक दिवशी एक दिवसाच्या पाहुण्यांवर ५ युरो शुल्क बसले. तोवर मूळ शहराची वस्ती ५० हजारांच्याही खाली आली होती. १९५१ साली ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. निर्बंध आले ते रहिवासी निघून गेल्यावर.

नवी मुंबईला अद्याप अवसर आहे. अटल सेतू २०२४ साली खुला झाला, विमानतळाचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. पाहुणे वाढणार हे उघड आहे. तेव्हा पहिले काम म्हणजे सर्व धारण तलाव, झडपा आणि पाणथळ जागा एकाच जबाबदार यंत्रणेकडे सोपविणे. प्रत्येक तलावाची खोली आणि झडपांची स्थिती दर मे महिन्यात जाहीर व्हावी. कांदळवन राखून त्यातील प्रवाहाच्या वाटा व तलावाचा मध्यभाग मोकळा करण्याची योजना न्यायालयापुढे ठेवावी. नवी जेट्टी वा रस्ता मंजूर करताना भरतीची एकही वाट बुजणार नाही, ही अट प्रथम घालावी. पक्षिदर्शनाच्या बोटींची संख्या ठरावी, आणि त्या चालविण्याचा पहिला हक्क खाडीकाठच्या कोळी व आगरी कुटुंबांना मिळावा. ही खाडी त्यांच्याइतकी कोणीच जाणत नाही.

यांतील एकाही गोष्टीसाठी परदेशी तज्ज्ञ बोलवावा लागत नाही. बांध फुटला तर कोणाला हाक मारावयाची, हे पूर्वी गावात लहान मुलालाही माहीत असे. उधाणाच्या रात्री गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या वाशी-नेरूळच्या रहिवाशाला आज तेवढे तरी कळले पाहिजे.