काजव्यांची तलवार

जपानच्या दक्षिणेस क्यूशू नावाचे बेट आहे. त्याच्या मध्यभागी आसो हा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याचे प्राचीन मुख इतके विस्तीर्ण आहे की त्याच्या तळाशी गावे वसली आहेत, भाताची शेती होते आणि आगगाडीही धावते. या गावांच्या परिसरात आसोचे जुने शिंतो देवस्थान आहे. मध्ययुगात या देवस्थानाचे पुजारी घराणे देवपूजेबरोबर युद्धेही करीत असे. इ. स. १३३६ मध्ये तातारा-हामाच्या किनाऱ्यावर आशिकागा ताकाउजी या सेनापतीशी झालेल्या लढाईत या घराण्यातला आसो कोरेझुमी पराभूत झाला आणि घरी परतला. त्याच्या लांब तलवारीची धार घाव घालून घालून जागोजाग तुटली होती. त्या रात्री त्याला स्वप्न पडले. असंख्य काजवे उडत आले आणि तलवारीच्या पात्यावर बसले. सकाळी उठून पाहतो तो धार पूर्ववत झालेली! तेव्हापासून त्या तलवारीचे नाव होतारुमारू पडले. होतारू म्हणजे काजवा. मारू हा शब्द जपानी माणूस मुलांच्या, जहाजांच्या आणि तलवारींच्या नावाच्या शेवटी जिव्हाळ्याने जोडतो.

तलवारीला नाव असते, हे भवानीच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला वेगळे सांगायला नको. परंतु जपानात हे नाव आख्यायिकेपुरते राहत नाही. पाते कोणी घडविले, कोणत्या साली घडविले, ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, या साऱ्याची नोंद पिढ्यान्पिढ्या जतन केली जाते. होतारुमारू ही क्योतो येथील राई घराण्याच्या कुनितोशी या नामांकित लोहाराने १२९७ साली घडविलेली तलवार होती. तिचे पाते सुमारे एक मीटर लांब होते, म्हणजे ते साध्या तलवारीच्या पात्यापेक्षा पुष्कळच मोठे होते. १९३१ साली जपान सरकारने तिची गणना राष्ट्रीय ठेव्यांत केली. त्यानंतर चौदाच वर्षांनी ती नाहीशी झाली.

१९४५ साली जपानने शरणागती पत्करली आणि दोस्त सैन्याने देशाचा ताबा घेतला. लोकांजवळची सारी शस्त्रे जमा करण्याचा हुकूम सुटला. सैनिकाच्या कमरेची कारखान्यातली तलवार आणि देवळातील सहाशे वर्षांची तलवार, दोन्ही त्या हुकुमाच्या दृष्टीने सारख्याच होत्या. कित्येक पाती समुद्रात टाकण्यात आली, कित्येक जाळण्यात आली, कित्येक सैनिकांनी आठवण म्हणून मायदेशी नेली. कलावस्तू म्हणून ज्यांचे मोल आहे अशा तलवारी ठेवू द्याव्यात, ही जाणकारांची विनंती पुढे मान्य झाली, पण तोवर व्हायचा तो अनर्थ होऊन गेला होता. या धामधुमीत होतारुमारू आसोहून बाहेर गेली ती परत आलीच नाही.

यानंतर सत्तर वर्षांनी तिचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले, आणि ते एका व्हिडिओ गेममुळे. जानेवारी २०१५ मध्ये जपानात 'तोकेन रानबू' नावाचा खेळ निघाला. त्यातील कल्पना मोठी चमत्कारिक आहे. काही दुष्ट शक्ती भूतकाळात शिरून इतिहास बदलू पाहतात, आणि त्यांना अडविण्यासाठी खेळणारा माणूस जुन्या तलवारींचे आत्मे जागे करतो. प्रत्येक तलवार देखण्या योद्ध्याच्या रूपाने प्रकट होते. तिचा स्वभाव, तिचा पोशाख, तिचे बोलणे हे सारे तिच्या खऱ्या इतिहासावरून रचलेले असते. होतारुमारू या खेळात लहानखुऱ्या मुलाच्या रूपाने येते, आणि त्या मुलाच्या हातात त्याच्या अंगाला न शोभणारी भली मोठी तलवार असते.

खेळाचे वेड लागलेल्यांत तरुण स्त्रियांचा भरणा मोठा होता. जपानी वृत्तपत्रांनी त्यांना 'तोकेन जोशी', म्हणजे तलवारवेड्या मुली, असे नाव दिले. नावात थोडी थट्टा होती. पण या मुली खेळ खेळून थांबल्या नाहीत. ज्या संग्रहालयांत तलवारींच्या दालनाकडे चार वृद्ध शौकिनांखेरीज कोणी फिरकत नसे, तेथे त्यांच्या रांगा लागू लागल्या. पात्यावरील छटा ओळखायला त्या शिकल्या आणि जुनी पुस्तके धुंडाळू लागल्या. त्याच वर्षी सेकी या गावातील एका तलवारकाराने जाहीर केले, की हरवलेली होतारुमारू पुन्हा घडवून आसोच्या देवाला अर्पण करावयाची आहे, त्यासाठी वर्गणी हवी. सेकी हे मध्य जपानातील गिफू प्रांतातले गाव शेकडो वर्षे पात्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याने ५५ लाख येन मागितले होते. जमले ते चार कोटी येनहून अधिक, आणि देणाऱ्यांची संख्या तीन हजारांवर गेली.

या पैशातून काय विकत घेतले गेले, हे समजण्यासाठी जपानी तलवार कशी घडते ते पाहिले पाहिजे.

तिचा आरंभ लोखंडाच्या काळ्या वाळूपासून होतो. शिमाने प्रांतात ओकुइझुमो येथे मातीची लांबट भट्टी बांधतात, तिला तातारा म्हणतात. ही पद्धत युद्धानंतर बंद पडली होती. जपानी कलात्मक तलवारींचे जतन करणाऱ्या संस्थेने ती १९७७ साली पुन्हा सुरू केली. भट्टी फक्त हिवाळ्यात पेटते. एकदा पेटली की तीन दिवस आणि तीन रात्री तिच्यात थोड्याथोड्या वेळाने आळीपाळीने वाळू आणि कोळसा टाकीत राहावे लागते. सुमारे दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा असा पोटात घालून शेवटी भट्टी फोडतात, तेव्हा तिच्यातून अडीच टनांच्या आसपास वजनाचा एक ओबडधोबड गोळा निघतो. त्यातलाही थोडाच भाग उत्तम पोलादाचा असतो. या पोलादाला तामाहागाने म्हणतात. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर, आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी, बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवून त्याच्या वड्या पाडीत आणि त्या इराणपर्यंत जात. जपानी पोलाद असे एकजीव वितळत नाही. त्यात कोठे कर्ब जास्त, कोठे कमी, मध्येच मळी अडकलेली, अशी स्थिती असते.

म्हणून लोहाराचे पहिले काम निवडण्याचे. तो पोलादाच्या पातळ चकत्या ठोकून पाण्यात विझवतो, फोडतो, आणि तुटलेल्या कडेचा रंग व कण पाहून कठीण कोणते, मऊ कोणते ते वेगळे करतो. कठीण तुकड्यांची चळत रचून तिला ओला कागद गुंडाळतात, वर पेंढ्याची राख आणि चिखलाचे पाणी लावतात आणि ती पांढुरक्या तापापर्यंत तापवतात. मग घणाखाली तुकडे एकमेकांत मिसळतात. झालेली वडी लांबवायची, मध्ये छिन्नीने खाच पाडून दुमडायची, पुन्हा तापवायची, पुन्हा ठोकायची. असे दहा-पंधरा वेळा चालते. पंधरा घड्यांनी ३२,७६८ थर होतात. हा आकडा ऐकून लोक थक्क होतात, आणि तलवारीचे सारे सामर्थ्य या थरांतच आहे असे समजतात. ते खरे नाही. घड्या घालण्याचा हेतू मळी बाहेर काढणे आणि कर्ब सर्वत्र सारखा पसरविणे एवढाच आहे. आधुनिक कारखान्याचे शुद्ध पोलाद दुमडून काही लाभ होत नाही. मात्र घड्यांमुळे पात्याच्या अंगावर लाकडाच्या नसांसारखा जो पोत उमटतो, तो दुसऱ्या कोणत्याही मार्गाने येत नाही. पुढे या कठीण पोलादाच्या आवरणात मऊ लोखंडाचा गाभा बसवतात. धार कठीण असावी, पण घाव बसताच पाते मोडू नये, अशी ही दुहेरी सोय आहे.

यानंतरची क्रिया सर्वांत कसोटीची. मराठी लोहार तिला 'पाणी देणे' म्हणतो, आणि पाणीदार हा आपला शब्द मुळात तिच्याशीच नाते सांगतो. जपानी लोहार पात्याला मातीचा लेप देतो. पाठीकडे तो जाड असतो, धारेकडे अगदी पातळ. दिवे मालवून अंधार करतात, कारण तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनीच जोखायचा असतो. तो रंग हवा तसा उतरला की पाते पाण्यात बुडवतात. पातळ लेपाखालची धार क्षणात थंड होऊन अतिशय कठीण होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. असे कडक झालेले पोलाद आकाराने किंचित फुगते. धारेकडची बाजू लांबते आणि पाते आपोआप पाठीकडे वाकते. जपानी तलवारीचा तो डौलदार बाक पाण्यानेच पुरा होतो. त्याच वेळी कठीण आणि चिवट भागांच्या सीमेवर एक धूसर लाटेसारखी रेषा निर्माण होते. तिच्यावरून जाणकार घराणे ओळखतात.

पण याच क्षणी, सगळे नीट झाले असताना, धारेला बारीकशी चीर जाऊ शकते, आणि महिन्या-महिन्यांचे श्रम पाण्यात जातात. होतारुमारूसारख्या पात्याच्या बाबतीत धोका अधिक असतो. मीटरभर लांबी एकाच वेळी सारखी तापविणे हे साध्या भट्टीत सोपे नव्हे. देवाला अर्पण करावयाची तलवार घडविताना एकाहून अधिक पाती घडविण्याची जुनी रीत आहे. त्यांतले सर्वोत्तम देवाला जाते, आणि राहिलेल्यांना 'सावलीची' पाती म्हणतात.

लोहाराचे काम संपले तरी तलवार झालेली नसते. ती शिकलगाराकडे जाते. तो खरखरीत दगडापासून आरंभ करून क्रमाक्रमाने बारीक दगडांकडे येतो, आणि शेवटी कागदासारख्या पातळ दगडी चकत्या अंगठ्याखाली धरून पाते घासतो. त्या झिलईनंतरच पोत आणि लाट दिसू लागते. म्यान करणारा वेगळा, धारेशी मूठ जुळते तेथील धातूची पट्टी बसविणारा वेगळा. तरुणांची वर्गणी या साऱ्या हातांत वाटली जाते, हे महत्त्वाचे आहे. तलवार नको असलेल्या काळात हे हात रिकामे राहिले असते.

प्रश्न असा उरतो, की इतके करून जे हाती आले ते नक्कलच ना? जपानात या शब्दाला आपण देतो तसा कमीपणा नाही. नामांकित पात्याची प्रतिकृती घडविण्याला तेथे उत्सुशी म्हणतात, आणि ती फसवणूक न मानता परीक्षा मानतात. आशिकागाचा सरदार नागाओ आकिनागा याच्यासाठी होरिकावा कुनिहिरो या लोहाराने १५९० साली एक तलवार घडविली. ती जुन्या चोगी या लोहाराच्या पात्याची प्रतिकृती मानतात, आणि आज तीच एक महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता आहे. 'तोकेन रानबू'मध्ये हीही तलवार आहे. आपण नक्कल आहोत या विचाराने तो तरुण योद्धा सदा झुरत असतो. २०१७ साली आशिकागा शहराच्या संग्रहालयात ती मांडली, तेव्हा महिन्याभरात ३५ हजारांहून अधिक माणसे तिला पाहून गेली. त्यांतली पुष्कळशी त्या झुरणाऱ्या तरुणाची चाहती असतील. कुनिहिरोला या कीर्तीचे नवल वाटले असते, पण खेद वाटला नसता.

नकलेतील खरी उणीव दुसरीकडे आहे. तेराव्या शतकातील लोहारांच्या पोलादाचा मऊसूत पोत आजच्या हातांना पुरता साधत नाही, ही खंत जाणकार उघडपणे बोलून दाखवितात. कुनितोशीची होतारुमारू कशी दिसत होती, याच्या जुन्या नोंदी उपयोगी पडतात. ती कशी घडली हे त्यांत नसते.

या खेळाच्या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या तलवारींविषयीही येथे सांगणे अवश्य आहे. १९५८ च्या कायद्याने जपानात पोलादी तलवार घडविण्याचा अधिकार परवानाधारक लोहारालाच आहे. त्यासाठी अशा लोहाराकडे निदान पाच वर्षे उमेदवारी करून सरकारी परीक्षा उतरावी लागते. त्यानंतरही महिन्याला दोनहून अधिक लांब तलवारी घडवता येत नाहीत, आणि प्रत्येक पात्याची नोंद प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे होते. शस्त्राची नोंद शिक्षणखात्यात व्हावी, यातच त्या देशाने तलवारीकडे कसे पाहायचे ठरविले ते दिसते. त्यामुळे जपानी दुकानांतील खेळातल्या तलवारी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या, धार नसलेल्या असतात. परदेशात हाताने घडविलेली म्हणून मिळणारी पोलादी पाती पुष्कळदा चीनमधील लोंगच्वान या जुन्या शस्त्रगावी तयार होतात. ती वाईट असतातच असे नाही. पण त्यांना जपानी तलवार म्हणणे बरोबर नाही, आणि त्यांच्या किमतीतून ओकुइझुमोच्या भट्टीत कोळशाचा एक तुकडाही पडत नाही.

सेकीत काम चालू असतानाच एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतो प्रांतात मोठे भूकंप झाले. आसो देवस्थानाचा दुमजली महाद्वार कोसळला, प्रार्थनामंडपही पडला. जून २०१७ मध्ये नवी होतारुमारू घेऊन लोक तेथे आले, तेव्हा देवस्थान सावरलेले नव्हते. तलवार देवापुढे ठेवली गेली. महाद्वार पडलेल्या जुन्या लाकडांचा शक्य तितका उपयोग करून डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा उभा राहिला. कुनितोशीने घडविलेली तलवार कोठे आहे, हे मात्र अद्याप कोणाला कळलेले नाही.