जुळ्यांची शेळी : उस्मानाबादी

दोन बीजे, दोन करडे

• जिल्हा 2023पासून धाराशिव. शेळीची जात मात्र उस्मानाबादीच. रंग बहुतांशी काळा.

• गाभणकाळ सुमारे 150 दिवस. एका वेतात दोन करडे सर्रास.

• ही जुळी बहुतेक द्विबीज : दोन स्त्रीबीजे, दोन शुक्रजंतू. म्हणून एक पाठ, एक बोकड असेही होते. एकबीज जुळी एकाच फलित बीजातून; लिंग सारखेच.

• माणसांतल्या द्विबीज जुळ्यांत जनुकीय साम्य सरासरी 50 टक्के, इतर सख्ख्या भावंडांइतकेच.

• गाईला नर-मादी जुळे झाले, तर कालवड बहुधा वांझ निघते. शेळीत हे क्वचित.

• शेळी चरायला गेली की जुळी एकमेकांना बिलगून बसतात.

• सड दोनच. तिळे झाले की तिसऱ्याची पंचाईत. त्याला बाटलीने दूध.