थंडीत डिझेल गाडी का रुसते?

डिसेंबर २०१९ मधली गोष्ट. नाशिक-निफाडकडची थंडी तुम्ही ऐकून असालच. अशाच एका पहाटे दोन विद्यार्थिनी विज्ञान प्रदर्शनाला न्यायची प्रतिकृती घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या आणि माझी अठरा वर्षांची डिझेल मोटार काही केल्या सुरू होईना. सेल्फ मारला की इंजिन कण्हत फिरे आणि पुन्हा गप्प! सहाव्या प्रयत्नाला ती सुरू झाली खरी. पण सारी गाडी थरथरत होती, मागून पांढरा धूर निघत होता आणि डिझेलचा उग्र वास सुटला होता. तीन-चार मिनिटांनी मात्र थरथर आणि धूर दोन्ही आपोआप थांबले. नोंदणीची वेळ आम्ही कशीबशी गाठली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात निदान झाले, "रिंगा गेल्या, सर. इंजिन उघडावे लागेल." खर्च ऐकून मला त्या थंडीतही घाम फुटला. म्हणून मी एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, दुपारी कशी सुरू होते?"

"एका झटक्यात."

"मग रिंगांचे नंतर बघू. आधी हीटर प्लग तपासू."

मित्रहो, त्या एका प्रश्नात इंजिनाचे सारे भौतिकशास्त्र सामावलेले होते. कसे ते पाहू.

पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटवायला विजेची ठिणगी लागते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे दट्ट्या सिलिंडरमधील हवा जोराने दाबतो, दाबलेली हवा तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम झालेले तुम्ही अनुभवले असेलच. तत्त्व तेच.

जुन्या डिझेल मोटारींत हवा साधारण २२ पट दाबली जाते. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे धरले, तर हवेचे निरपेक्ष तापमान अशा वेळी सुमारे ३.४४ पट होते. दुपारी बाहेर ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्विन असेल, तर आतील हवा १०४२ केल्विन म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापेल. पहाटेच्या १० अंशांना हाच आकडा सुमारे ७०० येतो. बाहेरचा २० अंशांचा फरक आत ७० अंशांचा झाला!

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, डिझेल तर दोन-अडीचशे अंशांनाच आपोआप पेटते. मग ७०० अंश कमी का पडावेत?" प्रश्न अगदी रास्त आहे. याचे उत्तर वेळेत आहे. सेल्फ इंजिनाला मिनिटाला सुमारे २०० फेरे देतो, असे धरू. म्हणजे दट्ट्याच्या एका धावेला ०.१५ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात हवेची बरीच उष्णता गार धातू शोषून घेतो आणि थोडी हवा रिंगांच्या फटींतून निसटते. त्यामुळे ७०० हा आकडा कागदावरच राहतो. शिवाय थंडीत तेल घट्ट होते, बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन आणखी सावकाश फिरते. उलट इंधनाच्या थेंबांची वाफ होऊन ती पेटायला मिळतो तो काही सहस्रांश सेकंद!

ही तूट भरून काढतो हीटर प्लग. प्रत्येक सिलिंडरच्या ज्वलनकक्षात बोटाएवढी एक विजेची शेगडीच बसवलेली असते म्हणा ना! तिचा रोध साधारण १ ओहम. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ओहमच्या नियमाने सुमारे १२ अँपिअर प्रवाह वाहतो.

मिस्त्रींनी प्लगांच्या तारा सोडवून एकेकाला मल्टिमीटर लावला. दोन प्लगांचा रोध १ ओहमच्या आसपास भरला. उरलेल्या दोघांत प्रवाहच जाईना. आतली तार तुटली होती. पण डॅशबोर्डावरचा दिवा तर रोज नेमाने लागत होता! कारण तो दिवा फक्त 'वीज सोडली आहे' एवढेच सांगत होता. शिवाय चारही प्लग समांतर जोडणीत होते. घरातला एक दिवा गेला म्हणून बाकीचे विझत नाहीत, तसेच हे.

आता साऱ्या लक्षणांचा उलगडा झाला. दोनच सिलिंडर पेटत होते, म्हणून थरथर. उरलेल्या दोघांतले न जळलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडत होते. चालत्या इंजिनाने धातू तापवला, की तेही पेटू लागत. दोन नवे प्लग बसवले आणि दुसऱ्या पहाटे गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

मात्र प्रत्येक वेळी दोष प्लगांचाच असतो असे नाही. म्हणून 'दोष केव्हा दिसतो आणि केव्हा जातो' हे नीट टिपावे. रात्रभर उभी राहिल्यावर गाडी उन्हाळ्यातही त्रास देत असेल, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर डिझेलच्या नळीत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. इंजिन गरम झाल्यावरही जागच्या जागी थरथरत असेल, तर नॉझल तपासावे. गरम इंजिनही सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर मात्र रिंगा आणि झडपा पाहाव्यात. तेव्हाही आधी दाब मोजावा, मगच इंजिन उघडावे.

एक इशारा: चालू इंजिनाच्या डिझेल-नळ्यांना तुम्ही हात लावू नका. त्यांतील फवारा कातडी भेदून आत शिरू शकतो. ते काम जाणत्या मिस्त्रींचेच.

त्या गॅरेजवाल्याचा अंदाज अशक्य नव्हता. झिजलेल्या रिंगाही थंडीतच अधिक त्रास देतात. पण त्याने मोजले नव्हते. दोन प्लग आणि संपूर्ण इंजिन यांच्या खर्चातला फरक मोजण्याच्या पाच मिनिटांनी पडला.

आता एक गणित तुमच्यासाठी: पहाटे ५ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर दाबलेली हवा किती तापेल? केल्विनमध्ये रूपांतर करायला विसरू नका!