देणगीदारांची बस कुठे थांबते?

अमेरिकेतून यहुदी देणगीदारांचे गट मुंबईत येतात, तेव्हा त्यांना शहर आणि कोकण दाखवायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ), मशीद बंदरजवळचं १७९६ साली स्थापन झालेलं शार हारहमीम, मग अलिबागकडची आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी यहुद्यांची, जुनी गावं. हे लोक निव्वळ पर्यटक नसतात. या दौऱ्याला ते ‘मिशन’ म्हणतात. खर्च बहुधा ज्याचा त्याचा, आणि अनेक मिशनांमध्ये ठरावीक रकमेच्या वर देणगी देणाऱ्यालाच जागा मिळते. आपला पैसा कुठे जातो ते डोळ्यांनी पाहावं, आणि पाहिल्यावर अधिक द्यावं, हा त्यामागचा हेतू.

पूर्वी पाहण्याची गरज पडत नव्हती. १९१४ साली कॉन्स्टँटिनोपलमधले अमेरिकी राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी न्यूयॉर्कला तार केली: पॅलेस्टाइनमधल्या यहुद्यांवर उपासमारीची वेळ आली आहे, ५० हजार डॉलर पाठवा. पैसे गेले, आणि त्याच वर्षी ‘जॉइंट’ या नावाने ओळखली जाणारी मदतसंस्था उभी राहिली. १९३८च्या नोव्हेंबरात जर्मनीत सिनेगॉग जाळली गेली, त्यानंतर १९३९ मध्ये ‘युनायटेड ज्युइश अपील’ हा एकत्रित निधी सुरू झाला. १९४६ साली त्याचं उद्दिष्ट १० कोटी डॉलर होतं. छळछावण्यांतून वाचलेल्यांसाठी मागताना कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

दौरे रुजले ते इस्राएल स्थापन झाल्यानंतर. देणगीदारांना निर्वासितांच्या छावण्या आणि नव्याने वसवलेली गावं दाखवत, काही गट आधी युरोपातल्या मृत्युछावण्या पाहून मग इस्राएलला उतरत. दौऱ्यात केव्हातरी सगळे एका खोलीत जमत. एकेकाचं नाव पुकारलं जाई, आणि त्याने उभं राहून यंदाचा आकडा सर्वांसमोर सांगायचा. आज हे ऐकून अवघडल्यासारखं होतं. पण सकाळी तंबूत राहणारं कुटुंब पाहून आलेल्या माणसाला संध्याकाळी किती देणार हे विचारण्यात मला गैर वाटत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. माझी आत्या साठच्या दशकात आताच्या रायगड जिल्ह्यातून निघाली आणि दक्षिण इस्राएलातल्या एका नव्या गावात जाऊन राहिली. ती सांगायची, पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी रस्ता झाडला जाई आणि एकाच नीटनेटक्या घराचं दार उघडलं जाई. बस तिथे थांबे. मागच्या इमारतींमध्ये काय चाललंय ते विचारायला कोणी उतरत नसे. जे बसमधून दिसलं त्याला पैसा मिळाला. पुढे १९७०च्या दशकाअखेर पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांच्या काळात ‘प्रोजेक्ट रिन्युअल’ आलं. त्यात परदेशातलं एकेक यहुदी शहर इस्राएलातल्या एकेका गरीब वस्तीशी जोडलं गेलं, आणि वस्तीतल्या लोकांनाही निर्णयात जागा मिळाली. मला ही योजना इतर कुठल्याही मोहिमेपेक्षा मोलाची वाटते.

मग एक अहवाल आला आणि दिशाच फिरली. १९९०च्या पाहणीनुसार अमेरिकेत १९८५ नंतर लग्न केलेल्या यहुद्यांपैकी ५२ टक्क्यांचे जोडीदार बिगरयहुदी होते. या आकड्यावर पुढे बराच वाद झाला, पण धास्ती बसली ती बसलीच. दूरच्या भुकेल्यांपेक्षा घरातल्या मुलांची चिंता मोठी झाली. सोव्हिएत संघातून आलेल्यांसाठी आणि १९९१ मध्ये दीड दिवसात विमानांनी आणलेल्या चौदा हजारांहून अधिक इथिओपियन यहुद्यांसाठी मोठे निधी जमले खरे, पण त्याच दशकाअखेर चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकल स्टाइनहार्ट या बड्या देणगीदारांच्या पुढाकाराने ‘बर्थराइट’ सुरू झालं: तरुणांना दहा दिवसांची मोफत इस्राएलयात्रा. इथे मला खरा बदल दिसतो. आधी देणाऱ्याने पैसा द्यावा म्हणून प्रवास घडवत. आता प्रवास घडवण्यासाठीच पैसा गोळा होऊ लागला. जो प्रवासी, तोच मदतीचा मानकरी.

त्याच सुमारास सामायिक पेटीही सैल झाली. पूर्वी शहरातल्या यहुद्यांची फेडरेशन सगळ्यांचा निधी एकत्र करून समितीमार्फत वाटायची. आता बडे देणगीदार स्वतःची फाउंडेशन काढतात आणि आवडीचं काम निवडतात. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांची हत्या झाल्यावर सुरक्षेवरचा खर्च वाढला. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने इस्राएलवर केलेल्या हल्ल्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या फेडरेशननी ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम इस्राएलसाठी उभी केली. दौरे पुन्हा सुरू झाले. पाहुणे शेतात भाजीपाला तोडतात, कफार अझा किबुत्झमधली जळलेली घरं पाहतात. ज्यांचे आप्त तिथे मारले गेले, त्यांच्या उंबऱ्यावर रोज अनोळखी माणसं उभी राहावीत का, हा प्रश्न आयोजकांनी स्वतःला रोज विचारायला हवा. गाझा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या मरणाबद्दल या दौऱ्यांत काय बोललं जातं, असं अमेरिकेतले कित्येक तरुण यहुदी आता आपल्या वडीलधाऱ्यांना विचारतात. १९७९ पासून काम करणाऱ्या ‘न्यू इस्राएल फंड’सारख्या संस्था यहुदी आणि अरब नागरिकांच्या समान हक्कांसाठी निधी देतात. तो विचारही याच दानपरंपरेतला आहे, असं मी मानते.

मुंबईत आलेले पाहुणे अलीकडे मला सिनेगॉगच्या दारावरच्या पहाऱ्याबद्दल विचारतात. २६/११च्या हल्ल्यात नरिमन हाउस या यहुदी केंद्रात जे घडलं, त्यानंतर ते स्वाभाविक आहे. मुलांच्या हिब्रू वर्गांबद्दलही विचारतात. म्हाताऱ्यांच्या औषधांबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारतं. जॉइंटतर्फे इथल्या गरजू वृद्धांना मदत मिळते, तरुण परदेशी गेलेल्या घरांना तिचा मोठा आधार आहे. म्हणून दौऱ्याचं वेळापत्रक ठरताना मी ठाण्यातल्या अशा एखाद्या आजींच्या घरी एक तास राखून ठेवायला लावते, आणि त्यांची तयारी असेल तरच. त्यांनी मराठीत बोलायचं, मी इंग्रजीत सांगायचं, आणि फोटो काढायचे नाहीत, हे आयोजकांना आधीच लिहून कळवते.