भिंत आधी, कागद नंतर

चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतून रंगाचा वास सुटतो. कुणी चुना भिजवतो, कुणी डिस्टेंपरचा डबा आणतो. अलीकडे मात्र भिंतीला फुलाफुलांचा कागद लावण्याची हौस वाढली आहे. कंपनीतून सुटून येताना दुकानात टांगलेले रोल दिसतात, मोबाइलवरून तर ते घरबसल्या मागवता येतात. ब्रश नको, अंगावर थेंब नकोत, एका सुटीत खोली नवी! आम्हालाही असेच वाटले होते.

दोन वर्षांमागची गोष्ट. चिखलीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीला ओव्हरटाइमच्या पैशांतून कागद लावला. मार्चअखेर काम झाले. जयंतीला आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केले. मे महिन्यात कडा उकलू लागल्या. जुलैत पावसाच्या तोंडाकडल्या भिंतीवरचा अख्खा पट्टा रात्रीतून खाली आला आणि त्याच्या पाठीला चिकटून जुना डिस्टेंपरही पापुद्र्यासारखा निघाला. कागदामागे काळी बुरशी होती. धाकट्याचा खोकला महिनाभर का हटत नव्हता, याचा थोडा उलगडा तेव्हा झाला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "भिंत कुणी बघितली का? सगळे फुलंच बघत बसले."

त्यांचे खरे होते. चूक कागदाची नव्हती, आमची होती. तीच चूक आपल्या घरी होऊ नये म्हणून हा लेख.

आपल्या भिंती अशा का?

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीपासून थेट चाकणपर्यंत कारखाने पसरले. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडून माणसे कामाला आली. त्यांची घरे मात्र एका दमात उभी राहिली नाहीत. निगडीच्या ओटा स्कीमचे नावच बघा. ओट्यापासून सुरुवात, मग पगारातून पगारातून भिंती, बोनसमधून स्लॅब. एका भिंतीला जाड वाळूचा गिलावा, दुसरीला नुसता स्पंज फिरवलेला, तिसरीवर वीस वर्षांच्या चुन्याचे थर. चाकणकडे महाळुंगे, खराबवाडीला भाड्याने मिळणाऱ्या दहा बाय दहाच्या खोल्या घाईने बांधलेल्या. त्यांच्या भिंती चार-साडेचार इंची, बाहेरून अनेकदा गिलावाच नाही. पाऊस लागला की ओल आत. अशा भिंतीत लाज वाटण्यासारखे काही नाही, ती आपल्या कष्टांची भिंत आहे. पण कागद लावण्याआधी तिचा स्वभाव ओळखलाच पाहिजे.

अजिंठ्याच्या कारागिरांचा धडा

खडबडीत भिंतीवर सुंदर काम कसे करावे, हे आपल्याच महाराष्ट्रात दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सोडवून ठेवले आहे. अजिंठ्याची लेणी पाहायला गेलो की आपण बुद्धांचे आणि पद्मपाणीचे चित्र पाहतो, चित्राखालची भिंत पाहत नाही. ती आहे काळ्या कातळाची, छिन्नीचे घाव तसेच ठेवलेली. कारागिरांनी ती घासून गुळगुळीत केली नाही. त्या घावांत गिलावा घट्ट बसावा म्हणून खडबडीतपणा कामी लावला. आधी मातीत भाताचा तूस, वनस्पतींचे धागे आणि वाळू मिसळून जाड थर दिला. त्यावर बारीक मातीचा थर. मग चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावरच रंग. म्हणजे जाडाकडून बारीकाकडे, आणि प्रत्येक थर खालच्याला धरून.

पुढे त्या चित्रांचे जे नुकसान झाले, त्यातही शिकण्यासारखे आहे. गिलाव्यातला तूस आणि धागे किड्यांनी खाल्ले. वेरूळला असे फारसे झाले नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्व खात्यातील माजी रसायनतज्ज्ञ यांनी 2016 साली दाखवून दिले की, वेरूळच्या मातीत भांगेच्या झाडाचे धागे मिसळले होते आणि त्यांच्यापासून किडे दूर राहिले. दुसरी गोष्ट वार्निशची. चित्रे टिकावीत म्हणून मागच्या पिढ्यांतल्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर वार्निश चढवले. ते कालांतराने पिवळे पडले आणि चित्रे झाकोळली.

यातून आम्ही तीन गोष्टी घेतल्या. खालचा थर पक्का हवा. किड्याला खाऊ ठेवू नये. आणि भिंतीवर काहीही चढवताना पुढच्या वर्षांचा विचार करावा.

भिंतीची परीक्षा

पहिली परीक्षा ओलीची. प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि एक दिवस-रात्र ठेवावा. आतून थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरून दिसले तर ती खोलीतल्या दमट हवेची. ही परीक्षा पावसाळ्यात केली तर खरी. भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल, तर परीक्षेचीही गरज नाही. अशा भिंतीला कागद लावू नये. तो पैसा आधी बाहेरचा गिलावा, गच्चीची गळती किंवा फुटलेला नळ यांवर घालावा. प्लॅस्टिकसारख्या चकचकीत कागदाने ओल थांबत नाही, ती मागे कोंडते आणि बुरशी धरते. आमच्या घरी नेमके हेच झाले.

दुसरी परीक्षा पकडीची. चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर दाबून झटक्यात ओढावा. त्याबरोबर रंगाची भुकटी किंवा पोपडा आला तर कागदही तसाच येणार. कागद ज्या थराला चिकटतो, तो थर जितका पक्का तितकाच कागद पक्का. खळीतल्या पाण्याने जुना चुना आणि डिस्टेंपर सुटतो, म्हणून तो खरवडून, ओल्या फडक्याने पुसून काढावाच लागतो. तेलरंग असेल तर काचकागदाने त्याची चमक घालवावी.

तिसरी परीक्षा उंचसखलपणाची. रात्री दिवा मालवून टॉर्च भिंतीला लागून आडवी धरावी. दिवसा न दिसणारे सगळे खड्डे-उंचवटे सावल्यांनी उभे राहतात. तेथे पेन्सिलने खुणा कराव्यात.

खड्डे भरताना

पुट्टीला आपले रंगारी लांबी म्हणतात. ती बारीक खडबडीतपणासाठी असते, खड्ड्यासाठी नाही. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात मिळून जाडी साधारण दीड मिलिमीटरपुढे नेऊ नये, नाहीतर ती तडकते. खोल खड्डा आधी सिमेंट-वाळूने भरावा, तो पुरता सुकू द्यावा, मग लांबी. नव्या गिलाव्यावर तर काही महिने जाऊ द्यावेत. घासताना नाकातोंडाला मास्क लावावा आणि लहान मुलांना शेजारी पाठवावे. ती धूळ छातीला वाईट. शेवटी प्रायमरचा हात, तो सुकला की पातळ खळीचा एक हात. त्यामुळे भिंत खळ अधाशासारखी पीत नाही आणि कागद जागेवर सरकवता येतो.

भिंत पोट काढून आलेली असेल, तर मात्र लांबीने ती सरळ होत नाही. तेथे मिस्त्रीच हवा, नाहीतर ती भिंत रंगवून सोडून द्यावी.

कागद कोणता, किती?

उभ्या रेघांचा आणि चमकणारा कागद भिंतीचा प्रत्येक दोष ओरडून सांगतो. मंद, विखुरलेल्या बारीक नक्षीचा, किंचित उठावाचा जाड कागद तो झाकतो. पाठीला गोंद असलेले, सोलून चिकटवायचे कागद वाळूच्या गिलाव्यावर फक्त कणांच्या टोकांना धरतात आणि उन्हाळ्यात गळतात. त्यांना गुळगुळीत भिंतच लागते.

आपल्याकडे मिळणारा रोल साधारण 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब असतो. दहा फूट रुंद, दहा फूट उंच भिंतीला सहा पट्टे लागतात. एका रोलमधून तीन पट्टे निघतात, म्हणजे दोन रोल. नक्षी मोठी असेल तर जुळवण्यात कागद वाया जातो, एखादा रोल जास्त लागू शकतो. सगळे रोल एकाच बॅच नंबरचे घ्यावेत, नाहीतर रंगात फरक दिसतो.

लावताना

कोपरा किंवा चौकट सरळ आहे असे कधीही धरून चालू नये. ओळंबा सोडून उभी रेघ मारावी आणि पहिला पट्टा त्या रेघेला लावावा. पहिला वाकडा गेला तर सहावा वीतभर वाकडा जातो. कोपऱ्यात अखंड कागद वळवू नये. अर्धा इंच पलीकडे नेऊन कापावा आणि नव्या भिंतीवर पुन्हा ओळंबा धरावा. हवा मधून कडेकडे फडक्याने काढावी. बाहेर आलेली खळ लगेच ओल्या स्पंजने पुसावी. विजेच्या बोर्डाजवळ काम करताना मेन स्विच बंद. आणि एक गोष्ट सगळेच विसरतात. कागद सुकेपर्यंत पंखा लावू नये. वाऱ्याने कडा आधी सुकतात, ओढल्या जातात आणि सांधे उघडतात.

मैद्याची घरगुती खळ स्वस्त पडते, पण ती झुरळांना आणि कसरीला मेजवानी. जिल्दसाज खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे. मुलाबाळांच्या घरात ते भिंतीला नको. कागदाची तयार पावडर पाण्यात कालवलेली बरी.

भाड्याची खोली असेल तर घरमालकाला आधी विचारावे. कागद काढताना रंग निघाला तर डिपॉझिट कापले जाते.

आम्ही काय केले?

दुसऱ्या वर्षी आम्ही कागदाचा हट्ट सोडला नाही, पण शहाणपण धरले. पावसाकडच्या भिंतीला बाहेरून गिलावा करून घेतला, तिला आतून साधा रंग दिला. कागद लावला तो फक्त आतल्या, दोन खोल्यांमधल्या कोरड्या भिंतीला. कामाला दोन रविवार लांबीचे आणि एक कागदाचा गेला. पहिल्या खेपेला मोजून एक रविवार लागला होता!

त्याच भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. मिस्त्रीकाकांनी खिळे काढून त्या भोकांत काड्यापेटीच्या काड्या खोचून ठेवल्या. कागद वरून दाबताना काडीचे टोक आपोआप बाहेर आले, खिळ्याची जागा शोधावी लागली नाही. तसबिरी जागच्या जागी लागल्या.

त्यानंतर एक पावसाळा गेला. कागद जागेवर आहे. धाकटा त्या भिंतीला टेकून अभ्यासाला बसतो आणि रात्री खोकत नाही. सासूबाई अजूनही येणाऱ्या पाहुण्याला आधी फुले दाखवत नाहीत. भिंतीवर हात फिरवायला सांगतात.