२२ मिनिटांत जगाच्या बातम्या: न्यूयॉर्कचं ‘टेन-टेन विन्स’ रेडिओ स्टेशन कसं चालतं?

न्यूयॉर्कमध्ये १०१० किलोहर्ट्झवर लागणाऱ्या ‘विन्स’ स्टेशनवर १९६५ पर्यंत गाणी वाजायची. ॲलन फ्रीड या गाजलेल्या डीजेने १९५०च्या दशकात इथूनच रॉक अँड रोल शहरातल्या तरुणांपर्यंत पोहोचवलं होतं. पण नंतर गाण्यांच्या स्पर्धेत इतर स्टेशनं पुढे गेली. १९ एप्रिल १९६५ला विन्सने गाणी बंद केली आणि चोवीस तास फक्त बातम्या सुरू केल्या.

गंमत म्हणजे, नाव आधीपासूनच बातम्यांचं होतं. गिंबेल्स या डिपार्टमेंट स्टोअरने १९२४मध्ये सुरू केलेलं हे स्टेशन १९३२मध्ये हर्स्ट वृत्तपत्रसमूहाकडे गेलं. समूहाच्या ‘इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस’ या वृत्तसंस्थेच्या आद्याक्षरांवरून ते ‘विन्स’ झालं. बातम्यांचा निर्णय मात्र १९६२मध्ये स्टेशन विकत घेणाऱ्या वेस्टिंगहाऊस कंपनीचा.

चोवीस तास सांगायचं तरी काय?

“आम्हाला २२ मिनिटं द्या, आम्ही तुम्हाला जग देऊ,” ही विन्सची घोषणा. कुणीही तासन्‌तास ऐकत बसणार नाही, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. कुणी दाढी करताना ऐकेल, कुणी गाडीत. म्हणून ठळक बातम्या, हवामान, खेळ, शेअर बाजार आणि जाहिराती असं एक चक्र ठरवलेलं असतं आणि ते फिरत राहतं. रस्ते आणि लोकलची खबर दर दहा मिनिटांनी. तीच बातमी पुन्हा येते, पण ताजा तपशील घालून. मागे टेलिप्रिंटरचा खडखडाट ऐकू येतो. ती यंत्रं कधीच इतिहासजमा झाली, आवाज तेवढा ठेवलाय.

हे काम स्वस्त नाही. गाण्यांच्या स्टेशनवर एक निवेदक तासन्‌तास किल्ला लढवू शकतो. इथे बातमीदार, संपादक आणि वृत्तनिवेदक रात्रीच्या पाळीलाही लागतात.

अंधारातली परीक्षा

९ नोव्हेंबर १९६५च्या संध्याकाळी ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या काही भागांतली वीज गेली. सुमारे ३ कोटी लोक अंधारात होते. टीव्ही बंद, लिफ्ट अडकलेल्या, भुयारी रेल्वे जागच्या जागी थांबलेली. विन्सचं ट्रान्समीटर मात्र नदीपलीकडे न्यू जर्सीत होतं आणि तिथे वीज होती. त्यामुळे प्रक्षेपण सुरू राहिलं. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर ज्याच्याकडे होता, त्याला काय घडलंय ते कळत होतं. बातम्यांचं स्टेशन सात महिन्यांचंही नव्हतं, पण त्याची गरज शहराला त्या रात्री पटली.

१९६७मध्ये ‘डब्ल्यूसीबीएस ८८०’ हे दुसरं स्टेशनही बातम्यांकडे वळलं. अनेक दशकं दोघांची चुरस होती. पुढे दोन्ही एकाच कंपनीच्या, ऑडॅसीच्या, मालकीची झाली. रस्त्यावरची कोंडी आता फोनवरचा नकाशाच दाखवतो आणि जाहिरातींचा पैसाही इंटरनेटकडे गेलाय. ऑगस्ट २०२४मध्ये ८८०वरच्या बातम्या थांबल्या आणि तिथे खेळांचं स्टेशन आलं. विन्स टिकलं. २०२२पासून ते ९२.३ एफएमवरही ऐकू येतं.

भारतात असं खासगी स्टेशन का नाही?

कारण परवानगीच नाही. २०११च्या धोरणानुसार खासगी एफएमला फक्त आकाशवाणीची बातमीपत्रं, तीही जशीच्या तशी, लावता येतात. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल ही माहिती बातमी धरली जात नाही, म्हणून ती चालते. म्हणजे पावसात वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे तुंबलाय, हे मुंबईचा आरजे सांगू शकतो. तो का तुंबला, याची बातमी स्टेशनला स्वतः करता येत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये ‘ट्राय’ने खासगी एफएमला तासाला १० मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. विन्सच्या एका चक्राला लागतात त्याच्या निम्मीही नाहीत.